जपानी सिनेमा शिकवायला रिचींचं पुस्तक: तालुक्याच्या कॉलेजातला अनुभव

डोनाल्ड रिची यांचं 'अ हंड्रेड इयर्स ऑफ जॅपनीज फिल्म' हे पुस्तक जपानी सिनेमा शिकवणाऱ्याने जरूर घ्यावं, पेन्सिल हातात धरून वाचावं आणि शिकवताना जवळ ठेवावं. मुलांना पाठ्यपुस्तक म्हणून मात्र लावू नये. असं का म्हणते ते सविस्तर लिहिते. आमच्यासारख्या तालुक्याच्या कॉलेजात असा विषय सुरू करायचा विचार करणारे आणखीही कोणी असतील, त्यांना उपयोग होईल.

मी चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरी-नागभीडकडच्या धानपट्ट्यात मराठी शिकवते. नव्या शैक्षणिक धोरणात ऐच्छिक विषयाची २ क्रेडिटं वाट्याला आली, म्हणजे ३० तास. पुण्याच्या चित्रपट रसास्वाद वर्गाला गेले होते तेव्हापासून जपानी सिनेमा डोक्यात होता, तोच घेतला. वर्गात बी.ए.ची मुलंमुली, बहुतेक शेतकऱ्यांच्या घरची. इंग्रजी वाचतात, पण सावकाश. प्रोजेक्टर आहे, खिडक्यांना लावायला जाड कापड आहे आणि दुपारच्या एस.टी.ने निम्म्या मुलींना गावी परतायचं असतं. पहिल्या सत्रात धानाच्या रोवणीच्या दिवसांत वर्ग अर्धा रिकामा असतो, म्हणून विषय दुसऱ्या सत्रात ठेवला. कोणता सिनेमा किती लांबीचा, त्यात बोलणं किती, पडद्यावरच्या भाषांतराच्या खालच्या ओळी (सबटायटल) किती भराभर पळतात, हा हिशोब मला आधी करावा लागला. थोर सिनेमे कोणते, हा प्रश्न त्यानंतरचा.

रिची महायुद्धानंतरच्या अमेरिकन ताब्याच्या काळात, १९४७ साली जपानला गेले आणि आयुष्याचा बहुतेक काळ तिथेच राहिले. २०१३ साली टोकियोतच वारले. जोसेफ अँडरसन यांच्याबरोबर त्यांनी १९५९ मध्ये जपानी सिनेमाचा इंग्रजीतला पहिला मोठा इतिहास लिहिला होता. प्रस्तुत पुस्तक २००१ चं, सुधारित आवृत्ती २००५ ची, प्रस्तावना अमेरिकन दिग्दर्शक पॉल श्रेडर यांची. १८९७ पासून सुरुवात करून ते एकेक टप्पा घेत पुढे येतं. वाक्यं छोटी आणि स्वच्छ आहेत. लिहिणाऱ्याने हे सिनेमे थेटरात बसून, त्या-त्या काळात, तिथल्या माणसांच्या सोबतीने पाहिलेत हे पानोपानी जाणवतं. अशी माहितगार सोबत दुसऱ्या पुस्तकात मला मिळाली नाही.

त्यांचा मुख्य धागा असा: काही कला 'हे बघा, आम्ही खेळ करून दाखवतोय' असं उघड सांगतात, काही कला हे खरंच घडतंय असा भास उभा करतात. जपानी सिनेमा काबुकी या नाच-गाण्याच्या जुन्या नाटकाच्या घरातून निघाला, म्हणून त्याचा ओढा पहिल्या बाजूला. पश्चिमेचा वास्तववाद दुसऱ्या बाजूला. जपानी सिनेमाची शंभर वर्षं म्हणजे या दोन टोकांमधली ये-जा. हा धागा मला फार मोलाचा वाटला. आमच्या वर्गाला तर तो सांगताक्षणी कळला. दिवाळीनंतरच्या मंडईपासून, म्हणजे गावजत्रेपासून, होळीपर्यंत इकडे पूर्व विदर्भात रात्रभर झाडीपट्टीची नाटकं चालतात. गडचिरोलीतल्या वडशाहून नाटकमंडळ्या निघतात, गावोगावी मंडप पडतात. नट भूमिकेतून बाहेर येऊन गाणं म्हणतो, टाळ्या घेतो आणि पुन्हा भूमिकेत शिरतो, हे मुलांनी लहानपणापासून पाहिलेलं. 'दाखवणं' म्हणजे काय, हे त्यांना मी काय समजावणार?

आणि पाठ्यपुस्तक म्हणून हे चालत नाही ते इथेच. रिची पाश्चात्य वाचकासाठी लिहितात. पडद्याशेजारी उभा राहून कथा सांगणारा बेन्शी, बायकांच्या भूमिका करणारे पुरुष, जमिनीवर बसण्याउठण्याची घरं, या सगळ्याचा ते धीराने खुलासा करतात, कारण त्यांच्या वाचकाला ते नवलाचं. फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती साळुंखे नावाच्या पुरुषाने केली होती, हे आमची मुलं जाणतात. त्यांना या गोष्टीचं नवल नाही. उलट रिची जे गृहीत धरतात, जर्मन एक्स्प्रेशनिझम (मनातली घालमेल वेड्यावाकड्या नेपथ्यातून दाखवणारी शैली), हॉलिवूडची दृश्यं जोडण्याची रीत, युरोपातलं आधुनिक नाटक, ते सगळं आमच्याकडे अनोळखी. जे समजवावं लागत नाही ते पानभर समजावलेलं आणि जे समजावायला हवं ते एका शब्दात उरकलेलं, असं पुस्तक दुसऱ्या वर्षाच्या मुलीच्या हातात दिलं तर ती दहाव्या पानावर थांबेल. पुस्तकाचा यात दोष नाही, ते तिच्यासाठी लिहिलेलंच नाही.

पुस्तकाचा क्रमही उचलू नये. १८९७ पासून सुरू केलं तर पहिले चार-पाच तास हरवलेल्या सिनेमांबद्दल बोलण्यात जातात. जपानचे मूकपट बहुतांश नष्ट झालेत. १९२३ च्या भूकंपाने आणि नंतर युद्धाने पुष्कळ नेले. जे पडद्यावर दाखवता येत नाही त्याने सुरुवात करू नये, असं माझं ठाम मत आहे.

मी सुरुवात केली कानेतो शिन्दो यांच्या १९६० च्या 'द नेकेड आयलंड'ने. लांबी साधारण दीड तास, आणि संवाद जवळपास नाहीतच. खालच्या ओळी वाचायची धडपड नाही, नजर सगळी चित्रावर. सेतो समुद्रातलं एक लहानसं बेट, त्यावर नवरा-बायको आणि दोन मुलगे. बेटावर गोडं पाणी नाही. शेजारच्या बेटावरून होडीने पाणी आणायचं, कावड खांद्यावर घेऊन चढ चढायचा आणि एकेका रोपाच्या बुडाशी वाडग्याने ओतायचं. माती ते पाणी बघता बघता पिऊन टाकते. शिन्दो हे पुनःपुन्हा दाखवतात. चढ तोच, पावलं तीच, वाकलेला बांबू तोच. एकदा बाईचा पाय घसरतो, एक बादली सांडते. नवरा येतो आणि तिच्या थोबाडीत मारतो. संगीत नाही, बोलणं नाही.

इथे मी सिनेमा थांबवला नाही. संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी बोलत नाही, म्हणाली, "मॅडम, त्यानं मारलं, पन दुसरी कावड आनाले तिलेच जा लागन ना?" त्यावर एक मुलगा म्हणाला, पाणी सांडलं तेव्हा आपल्यालाही राग आला होता, बाईचा नाही, पाण्याचा. मग चर्चा अशी रंगली की मला मध्ये पडावंच लागलं नाही. पुढे मोठा मुलगा तापाने जातो, डॉक्टर पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यानंतर बाई एक दिवस भरलेली बादली मुद्दाम उलटी करते, रोपं उपटते, मातीत पडून रडते. नवरा उभा राहून बघतो, या वेळी हात उचलत नाही, आणि पुन्हा पाणी घालू लागतो. थोड्या वेळाने तीही उठते. दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून 'दिग्दर्शक काय करतो?' हे मुलांना विचारलं, आणि तो तास माझ्या नोकरीतल्या चांगल्या तासांपैकी झाला. या सिनेमाला १९६१ मध्ये मॉस्कोच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळालं. रिचींच्या इतिहासात तो मध्यवर्ती नाही. माझ्या अभ्यासक्रमात त्याचा मान पहिला.

दुसरा सिनेमा दिग्दर्शक यासुजिरो ओझूंचा मूकपट, 'आय वॉज बॉर्न, बट...', १९३२ चा. दोन भाऊ नव्या गावात येतात, दांडगाई करून पोरांचे म्होरके होतात. मग साहेबाच्या घरी घरगुती सिनेमा दाखवतात, त्यात आपला बाप साहेबाला हसवायला माकडचाळे करताना त्यांना दिसतो. पोरं चिडतात, जेवणच सोडतात. या सिनेमासाठी रिचींचं बेन्शीवरचं लिखाण मी मुलांना मराठीत सांगितलं. आपला कीर्तनकार जसा एकटाच आख्यान लावतो, सगळ्यांचे आवाज काढतो आणि मध्येच दोन शब्द आपल्या पदरचे घालतो, तसा हा बेन्शी. लोक नटापेक्षा त्याच्या नावावर गर्दी करत. दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचे थोरले भाऊ हेइगो हेही बेन्शी होते, आणि बोलपट आले तेव्हा या माणसांचा धंदाच गेला.

वर्गात एक मुलगा गावच्या दंडारीत, म्हणजे इकडच्या लोकनाट्यात, काम करतो. त्याला सिनेमा आधी पाहायला दिला आणि पडद्याशेजारी उभं केलं. त्याने दोन्ही भावांना झाडीबोलीत बोलतं केलं, बापाला कार्यालयी मराठी दिली आणि साहेबाला हिंदी. ही वाटणी त्याची त्याने केली. सकाळी अंगणात बाप उपाशी पोरांजवळ येऊन बसतो आणि भाताचे मुटके पुढे करतो, तिथे तो बोलायचा थांबला. नंतर विचारलं तर म्हणाला, "तेथं बोलनं जमत नवतं." बेन्शीची कला म्हणजे काय यावर मी आणखी काही शिकवलं नाही.

कुरोसावांचा 'राशोमोन' (१९५०) टाळता येत नाही आणि टाळूही नये. ८८ मिनिटं, म्हणजे एका बैठकीत बसतो. त्याच्याबरोबर वाचायला तो जिच्यावर बेतला ती अकुतागावांची 'इन अ ग्रोव्ह' ही १९२२ ची कथा द्यावी. काही पानांचीच आहे. सात जबान्या आहेत: लाकूडतोड्या, भिक्षू, शिपाई, म्हातारी, दरोडेखोर, बाई आणि माध्यमाच्या तोंडून बोलणारा मेलेला नवरा. मी इंग्रजीवरून कामचलाऊ मराठी केलं आणि सात जणांना सात जबान्या वाचायला लावल्या. आमच्याकडे पोलीस पाटलापुढे किंवा ठाण्यात जबानी देणं हे ऐकून-पाहून माहीत असतं, त्यामुळे आवाज आपोआप लागला. मग सिनेमा. कथेत काय नाही आणि कुरोसावांनी काय घातलं, याची यादी मुलांनीच केली: पडका दरवाजा अकुतागावांच्याच दुसऱ्या कथेतून आला, लाकूडतोड्याची दुसरी हकिगत नवी, शेवटचं तान्हं बाळ नवं. त्या बाळामुळे सिनेमा सुधारतो की बिघडतो, यावर वर्गात दोन तट पडले. माझं मत बिघडतो असं आहे, पण ते मी शेवटी सांगितलं.

इथे कुरोसावांच्या आत्मकथनातला 'राशोमोन'चा भाग वाचायला द्यावा, रिचींची पानं नव्हेत. चित्रीकरण सुरू होण्याच्या थोडं आधी तीन साहाय्यक दिग्दर्शक त्यांच्याकडे येऊन सांगतात की आम्हाला पटकथा कळलेलीच नाही. 'मला कळलं नाही' असं म्हणायला लाजणाऱ्या मुलांना हे वाचून फार धीर येतो. छायाचित्रकार काझुओ मियागावांनी कॅमेरा थेट सूर्याकडे वळवला आणि दरवाजावरचा पाऊस दिसावा म्हणून पाण्यात काळा रंग मिसळला, या गोष्टीही त्यात आहेत.

ओझूंचा 'टोकियो स्टोरी' ठेवताना मला धाकधूक होती. १३६ मिनिटं, संथ, आणि बोलणं भरपूर. म्हणून प्रसंगवार मराठी टिपण आधीच वाटलं आणि सिनेमा दोन भागांत दाखवला. ओनोमिचीचे म्हातारे आईवडील मुलांकडे टोकियोला जातात, मुलांना वेळ नसतो, त्यांना अतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर धाडून दिलं जातं. तिथे रात्रभर शेजारच्या खोल्यांत दंगा, म्हातारी जोडी जागीच. युद्धात गेलेल्या मुलाची विधवा नोरिको, तीच काय ती मायेने करते. ज्यांचे भाऊ पुण्याला किंवा नागपूरला कंपनीत आहेत त्या मुलांना या गोष्टीत काहीही परकं वाटलं नाही. आई गेल्यावर लगेच तिच्या वस्तू मागणाऱ्या थोरल्या मुलीचा मात्र वर्गाने कडक निवाडा केला. मी त्यांना विचारलं, ती वाईट आहे का घाईत आहे? उत्तर लेखी मागितलं.

रिचींचा खरा कस ओझूंच्या बाबतीत लागतो आणि ते उतरतात. ओझू मोठे प्रसंग गाळतात हे बघायला त्यांनी मला शिकवलं. टोकियोचा प्रवास दिसतच नाही. आवराआवर दिसते आणि पुढचं चित्र टोकियोच्या धुराड्यांचं. आईचं आजारपणही निरोपानेच कळतं. कॅमेरा इतका खाली का, हे पुस्तकातून सांगण्यापेक्षा मी मुलांना आपापल्या स्वयंपाकघरात मोबाइल विटेवर ठेवून एक फोटो आणि उभं राहून दुसरा काढून आणायला सांगितलं. खालून काढलेल्या फोटोत चुलीपुढे बसलेली आई मोठी दिसते, फडताळं भिंतीसारखी उभी राहतात आणि खोलीतला पसारा नाहीसा होतो. ओझूंवर आणखी खोल जायचं तर डेव्हिड बॉर्डवेल यांचं १९८८ चं जाडजूड पुस्तक मिशिगन विद्यापीठाने फुकट वाचायला खुलं केलं आहे. शिक्षकाने ते उतरवून घ्यावं.

दिग्दर्शक केंजी मिझोगुचींचा 'उगेत्सु' (१९५३) मी एका दृश्यासाठी ठेवला असता तरी चाललं असतं. युद्धाच्या धामधुमीत घर सोडून गेलेला कुंभार परतून रात्री घरात शिरतो, बायकोला हाका मारतो. घर अंधारं, रिकामं. तो मागच्या दाराने बाहेर पडून घराला वळसा घालतो, कॅमेरा आतूनच त्याच्यासोबत वळत परत येतो, आणि मघाशी थंड असलेल्या चुलीपुढे बायको बसलेली असते. मध्ये कुठेही तुकडा जोडलेला नाही. मी ते दृश्य मागे नेऊन पुन्हा दाखवलं, आणि मुलं स्वतःहून म्हणाली, अजून एकदा. कॅमेरा इथेही मियागावांचाच. बायको झालेल्या किनुयो तानाका यांनी त्याच वर्षी स्वतःचा पहिला सिनेमा दिग्दर्शित केला. मुलींना हे सांगताना मला हवा होता तेवढा मजकूर रिचींकडे मिळाला नाही. स्त्रियांच्या कामाला या इतिहासात जागा थोडी आहे, ही माझी मोठी तक्रार. ॲनिमेशनचंही तसंच. मुलं ज्या दारातून जपानमध्ये शिरली ते दार कार्टूनचं आहे. म्हणून शेवटी ताकाहातांचा १९८८ चा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हा ॲनिमेशनपट ठेवला, आणि त्याच्या आधीच्या तासाला काहीही शिकवायचं नाही असं ठरवलं.

दरोडेखोरांपासून रक्षणासाठी शेतकरी सात योद्धे आणतात तो कुरोसावांचा 'सेव्हन सामुराई' २०७ मिनिटांचा. त्यात मुळातच मध्यंतर आहे, तिथे तोडून दोन दिवस घ्यावा. शेतकरी स्वतः हलकं भरड धान्य खातात आणि रक्षणाला आलेल्या सामुराईंना तांदूळ वाढतात, हे कळलं की मुलं सिनेमाच्या आत येतात. नट तोशिरो मिफुनेंचं ते संतापाचं भाषण, शेतकरी लबाड आहेत, धान्य लपवतात, पण त्यांना असं केलं कोणी? हे ऐकताना वर्ग चिडीचूप होता. शेवटी ढोल-बासरीच्या तालावर रोवणी चालते. बायका गात, वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावतात. त्यावर एका मुलीचं म्हणणं पडलं की बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, गाणं म्हणतात ते आनंदाने नाही, कंबर दुखते म्हणून. रिचींसकट कोणत्याच पुस्तकात मी हे वाचलं नाही, आणि तो शेवट मला आता वेगळा दिसतो.

कुरोसावांचाच 'इकिरू' पूर्ण दाखवायला तास उरले नाहीत. सांडपाण्याचं डबकं बुजवा म्हणून अर्ज घेऊन आलेल्या बायकांना या टेबलावरून त्या टेबलावर फिरवतात तो तुकडा तेवढा दाखवला. तहसीलमध्ये दाखल्यासाठी फिरलेल्या वर्गाला टीपेची गरज पडली नाही. 'गॉडझिला' (१९५४) वगळला, त्याची गोष्ट सांगून पुढे गेले.

वाचनात आणखी दोन गोष्टी कामी आल्या. लेखक जुनिचिरो तानिझाकींचा सावल्यांवरचा निबंध, त्यातली दिव्याच्या उजेडातल्या लाखेच्या भांड्यांची पानं, 'उगेत्सु'च्या आधी. आणि सत्यजित राय यांच्या 'अवर फिल्म्स, देअर फिल्म्स'मधला जपानी सिनेमावरचा लेख. राय आपल्यासारखेच बाहेरून, पण आशियातून बघतात, त्यामुळे रिचींच्या शेजारी तो ठेवला की मुलांना दोन नजरांतला फरक दिसतो. फिलिप्स आणि स्ट्रिंगर यांनी संपादित केलेला २४ सिनेमांवरच्या २४ लेखांचा ग्रंथ ग्रंथालयाने घ्यावा, शिक्षकाच्या उपयोगाला. पदवीच्या मुलांना तो जड जाईल.

घेणाऱ्यांसाठी शेवटची सूचना. प्रत मागवताना २००५ ची सुधारित आवृत्तीच मागवा. मागे दिलेली सिनेमांची निवडक मार्गदर्शिका फार चांगली आहे. एकेका सिनेमावरच्या चार ओळींनी माझे कितीतरी तास वाचले. पण त्यातल्या डिस्कची माहिती जुनी आणि प्रामुख्याने तिकडच्या बाजाराची, तिच्यावर विसंबून खरेदी करू नका. ब्लू-रेला प्रदेशाचं कुलूप असतं: अमेरिका-जपानचा ए, युरोपचा बी, भारताचा सी. अमेरिकेहून मागवलेली डिस्क कॉलेजच्या साध्या प्लेअरवर बहुधा चालणार नाही. सर्व प्रदेशांचा प्लेअर मिळतो, तो आधी घ्या, आणि सत्र सुरू होण्यापूर्वी प्रत्येक डिस्क त्याच खोलीत, त्याच प्रोजेक्टरवर, खालच्या ओळी मागच्या बाकावरून वाचता येतात का हे पाहून लावा.